चंबळच्या काठावर पुढे कोण

वहिनीचा पहिलाच आकडा एकोणीस आला आणि ती मला आवडेनाशी झाली. तोवर बऱ्यापैकी आवडायची. लग्नात तिने माझ्या निऱ्या नीट करून दिल्या होत्या, दादाचं घोरणं चारचौघांत काढून त्याची जिरवली होती. अशी बाई घरात आली म्हणून मीच आईपाशी तिचं कौतुक केलं होतं. मग एका रविवारी दुपारी तिने गुडगावच्या फ्लॅटमध्ये बसून लॅपटॉपवर एक बटण दाबलं, माझ्या नोएडातल्या स्क्रीनवर एकोणीस उमटला आणि दादा हेडफोनमधून म्हणाला, "वा, क्या बात है." दादा मला कधी क्या बात है म्हणालेला नाही. माझे वीस आले तेव्हाही नाही.

हा खेळ काय होता ते आधी सांगते, नाहीतर मी एवढी का जळले ते कुणालाच कळायचं नाही.

आम्ही लहानपणी दिल्लीत करोल बागेत भाड्याच्या घरात राहायचो. दादा नववीत होता. त्याच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील परदेशातून बदली होऊन आले होते आणि त्या मुलाकडे एक खेळ होता. एकाने सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी म्हणालं, मी हे दार फोडतो, की फासा टाकून ठरवायचं की दार फुटलं का खांदा मोडला. प्रत्येकाच्या माणसाचा एक कागद. त्यावर ताकद किती, चपळाई किती, जखमा किती, झोळीत काय काय आहे. दादाने तो खेळ फक्त एक दुपार पाहिला आणि घरी येऊन आठवेल तसा उभा केला.

गोष्ट मात्र त्याची स्वतःची होती. महाराष्ट्र मंडळाची बस आम्हाला दर संक्रांतीच्या सुमाराला पानिपतला काला अंबच्या स्मारकाला न्यायची. तिथे मोठी माणसं भाषणं करायची, आम्ही पोरं थंडीत कुडकुडत शेंगदाणे खायचो. दादाला तिथे एक प्रश्न पडला होता आणि तो कुठल्याच भाषणात येत नव्हता. जी माणसं वाचली, ती घरी कशी गेली? म्हणून आमच्या खेळात लढाई नव्हतीच. लढाई हरून झालेली होती. आम्ही मागे उरलेली माणसं होतो आणि आम्हाला दक्षिणेत घरी जायचं होतं. दोन गल्ल्या सोडून राहणारा मामेभाऊ पायाला जखम झालेला एक शिलेदार झाला. मी झाले वाटाडी. बाबांच्या ऑफिसच्या पाठकोऱ्या कागदावर मी तिचा तक्ता आखला. ताकद, चपळाई, धीर, डोकं हे दादाने सांगितलेलं. शेवटचा रकाना मी माझ्या मनाने घातला, तो म्हणजे नाक. माझ्या वाटाडीला पाण्याचा वास लांबून यायचा.

फासा वीस बाजूंचा हवा होता. करोल बागेत साडीपासून मोटारीच्या आरशापर्यंत वाट्टेल ते मिळायचं, हा फासा मिळत नव्हता. मग आईच्या महिला मंडळाचा तंबोला कामाला आला. त्यातले एक ते वीस बिल्ले काढून आईने शिवलेल्या खणाच्या पिशवीत घातले. आता तंबोला आम्हाला जन्मापासून ठाऊक. त्यात आकडा पुकारणाराच पिशवीत हात घालतो आणि एकदा निघालेला बिल्ला डाव संपेपर्यंत पिशवीत परत जात नाही. आम्ही तेच नियम तसेच्या तसे उचलले. दादा पिशवीत हात घालायचा, आकडा पुकारायचा आणि बिल्ला खाटेवर ठेवून द्यायचा. पिशवी रिकामी झाली की सगळे परत आत. अख्ख्या जगात हा खेळ असा कुणी खेळत नसेल. फाशाला आधीचं काही आठवत नसतं. आमच्या पिशवीला सगळं आठवायचं.

आणि मलाही आठवायचं, हीच तर माझी कमाल होती. खाटेवर काय काय निघालंय यावर माझी नजर असायची. मामेभाऊ आपला गूळपोळी खात बसायचा आणि कुठेही उडी मारायचा. मी दम धरायचे. चार, सहा, दोन असे बारके बारके निघून गेले की पिशवीत मोठे उरलेत हे मला कळायचं. मग दादा विचारायचा, "पुढे कोण?" हा त्याचा ठरलेला प्रश्न होता. संकट आलं की कुणीतरी पुढे व्हायचं आणि त्याच्या नावाने आकडा निघायचा. मी म्हणायचे, "मी." आणि निघायचा अठरा, नाहीतर वीस. यमुना मी पार करून दिली. चोरवाटेने सगळ्यांना मी नेलं. मामेभाऊ म्हणायचा, हिला काय देव सांगतो काय. मी नुसता भाव खायचे.

असं करत आम्ही चंबळपर्यंत आलो. पलीकडे उतरलो की निम्मं घर आलं, असं दादा म्हणायचा. आणि तिथेच त्याला लांबच्या इंजिनियरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. तो ट्रंक घेऊन गेला आणि खेळ थांबला. माझी वाटाडी चंबळच्या अलीकडच्या काठावर उभी राहिली ती राहिलीच. लोकांना वाटेल, पोरखेळ तो, त्याचं काय एवढं. मला वाटायचं. कॉलेजात असताना, नोकरी लागल्यावर, बाबा गेल्यावरसुद्धा मधूनच मनात यायचं की ती माणसं अजून तिथेच बसली आहेत आणि त्यांना पलीकडे मी नेणार आहे. दुसरं कोणी नाही, मी.

मधल्या काळात सगळंच उघडलं. दुकानांत नवा माल आला, परदेशी कंपन्या आल्या, गुडगावात मोहरीच्या शेतांमधून काचेच्या इमारती उगवल्या. दादा त्यातल्याच एकीत लागला आणि चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेऊन बसला. आई आणि मी करोल बाग सोडून नोएडाला आलो. नकाशात दोन्ही एकाच दिल्लीला चिकटलेले, पण गुडगावहून नोएडाला यायचं म्हणजे अर्धा रविवार रस्त्यात जायचा. दादा महिन्यातून एकदा यायचा. मग लग्न झालं आणि तेही कमी झालं. वहिनी साताऱ्याकडची. मानेसरला मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होती, सकाळी कंपनीच्या बसने जायची.

एक दिवस दादाचा फोन आला. "अगं, आपला खेळ आता ऑनलाइन खेळता येतो. प्रत्येकाचं कॅरेक्टर शीट कॉम्प्युटरवर असतं, फासासुद्धा तिथेच. आपण चंबळवर थांबलो होतो, आठवतंय ना?" आठवतंय ना म्हणे. मला इतका आनंद झाला की मी आईला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. मामेभाऊ तेव्हा पुण्यात होता, तोही तयार झाला. मग दादा जाता जाता म्हणाला, "हिलापण घेऊया. रविवारी बोर होते बिचारी."

बिचारीने पहिल्याच फटक्यात एकोणीस काढला, ते वर सांगितलंच आहे.

त्या डिजिटल शीटवर माझा पहिल्या दिवसापासून राग. एकतर तिथे नाक नव्हतं. इतके रकाने, पण माझ्या वाटाडीच्या नाकाला जागा नाही. दादा म्हणाला, खाली नोट्समध्ये लिही. म्हणजे जिच्या नाकावर आख्खी फौज यमुनेपलीकडे गेली, तिचं नाक तळटीपेत. दुसरं, ते शीट सगळं आपलं आपण करायचं. पूर्वी कुणाच्या आकड्यात काय मिळवायचं, जखमेचे किती वजा करायचे, हे सगळं माझ्या तोंडपाठ. मामेभाऊ सारखा मला विचारायचा. आता चपळाईवर क्लिक केलं की आकडा पडतो, बेरीज होते आणि उत्तर सगळ्यांच्या स्क्रीनवर येतं. मला जे यायला वर्षं लागली ते वहिनीला एका दुपारीत आयतं मिळालं.

तिने कासारीण घेतली. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन फौजेच्या मागे फिरणारी. मला आधी हसूच आलं, म्हटलं ही काय करणार, शत्रूला बांगड्या भरणार? तर खरंच भरल्या. कुठल्याही गावात कासारणीला कुणी अडवायचं नाही. ती बायकांचे हात हातात घेऊन बोलत बसायची आणि कुठल्या वाटेवर पहारा आहे ते काढून आणायची. दुसऱ्या रविवारी पाहते तो तिच्या शीटवर एक नवीनच रकाना. तोंड. बोलबोल बोलून काम काढायचं कसब. म्हणाली, "अगं, सेटिंगमध्ये जाऊन आपला रकाना आपण बनवता येतो. थांब, तुझं नाकपण करून देते." आणि माझ्या शीटवर, माझ्या डोळ्यांसमोर, तिचा हिरवा कर्सर फिरला आणि माझं नाक तयार झालं. मी थँक्यू म्हणाले. दुसरं काय म्हणणार? हे मला का नाही सुचलं म्हणून तीळपापड झाला होता नुसता.

वर तिची मराठी. आमची मराठी दिल्लीची, अर्धे शब्द कुठेतरी सांडलेले. मी म्हणाले, "जिथे नदी कमी गहरी आहे अशी जागा शोधूया." वहिनी म्हणाली, "उतार कुठे आहे ते बघूया." दादा लगेच, "उतार. यार, काय शब्द आहे." नदी माझी, वाट माझी आणि शब्द हिचा. वरून ती मला मुद्दाम वन्सं म्हणायची, जुन्या काळातल्या भावजयीसारखं. मामेभावाला हसू आवरायचं नाही.

मत्सर वाटू नये वगैरे मलाही शिकवलेलं आहे. पण वाटत होता, आणि तो फक्त ती चांगली खेळायची म्हणून नव्हता. तिला चंबळ पार करण्याची काही पडलेलीच नव्हती. ती मजेत होती. हरली तरी हसायची. इतकी वर्षं त्या काठावर मी उभी होते आणि ही आपली सहलीला आल्यासारखी आली.

मग तो रविवार उजाडला. दादाने सांगितलं, उतार सापडलाय, पण वरच्या अंगाला पाऊस झालाय आणि पाणी चढतंय. त्या दुपारी सगळ्यांचे आकडे बारके येत होते. मामेभावाचा चार, माझा दोन, वहिनीचे पाच आणि सहा. मी ऑफिसात दिवसभर आकड्यांतच असते. कॉम्प्युटरच्या फाशाला आठवण नसते हे मला कुणी शिकवायला नको. पण दादा म्हणाला, "पुढे कोण?" आणि डोक्यात खाट आली, खाटेवर मांडलेले बिल्ले आले. बारके संपले, आता मोठे उरले. वहिनी काहीतरी बोलायला तोंड उघडत होती. तिच्या आधी मी म्हणाले, "मी," आणि बटण दाबलं.

तीन आला.

बाबांच्या पाठकोऱ्या कागदावर जखम लिहायची वेळ आली की दादाची पेन्सिल जरा रेंगाळायची. शीट रेंगाळत नाही. माझ्या वाटाडीची जीवाची पट्टी झपकन लाल झाली. दादा हळू आवाजात म्हणाला, "पायाखालची वाळू सरकली. वाटाडी वाहून चाललीय." तेवढ्यात वहिनी म्हणाली, "कासारीण पाटी टाकून देते आणि तिचा पदर धरते." तिचा सतरा आला. तिच्या सगळ्या बांगड्या चंबळमध्ये गेल्या आणि मी वाचले, पुन्हा अलीकडच्याच काठावर. बुडाले असते तर बरं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

"असा कसा तीन आला?" मी म्हणाले. "वरचे सगळे उरले होते."

मामेभाऊ खो खो हसायला लागला. "अगं, ती पिशवी आहे का?"

"कसली पिशवी?" वहिनीने विचारलं.

मला बरं वाटलं. हिला पिशवी माहीत नव्हती. आमच्या घरातलं काहीतरी हिला माहीत नव्हतं. दादा म्हणाला, "सांगतो नंतर." म्हणजे लॅपटॉप बंद झाल्यावर त्यांच्या घरात सांगणार. एवढंसं सुख, तेही टिकलं नाही.

पुढच्याच आठवड्यात आईचं हळदीकुंकू होतं. आमच्या सोसायटीत पाच-सहा मराठी घरं, बाकी पंजाबी, बंगाली. आई सगळ्यांनाच बोलवायची. वहिनी मेट्रो बदलत बदलत दुपारीच आली. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं आणि बायकांनी तंबोल्याचा धोशा लावला. आईने कपाटातून तो जुना डबा काढला आणि त्यात ती खणाची पिशवी. कडा विरल्या होत्या, बाकी तशीच. आकडे पुकारायला वहिनी बसली. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

बायका गेल्यावर आम्ही दोघी सतरंजीवरचे बिल्ले गोळा करत होतो. वहिनीने एक बिल्ला उचलला आणि मूठ मिटून माझ्यापुढे धरली. "ओळख, वन्सं."

"काय?"

"वीस. तुझा दादा सांगत होता, तो असा वीसचा, नाहीतर अठराचा बिल्ला मुठीत धरून बसायचा. तू 'मी' म्हणालीस की पिशवीत हात घालायचा आणि तोच बाहेर काढायचा. सगळा वेळ तुझ्यासाठी धरून ठेवायचा. किती गोड ना?"

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

मला माहीत नव्हतं. यमुना मी पार करून दिली नव्हती. चोरवाटेने मी नेलं नव्हतं. मी खाटेकडे बघून मोजत बसायचे, वीस अजून निघालेला नाही म्हणून खूश व्हायचे आणि तो निघणार कुठून, तो याच्या मुठीत. तरी हेही मी गिळलं असतं. भावाने बहिणीसाठी केलं, कौतुकच आहे. पण त्याने ते मला कधी सांगितलं नाही आणि हिला एका संध्याकाळी सांगून टाकलं. माझ्या लहानपणातली सगळ्यात मोठी गोष्ट मला हिच्या तोंडून कळली. त्या वेळी मला तिचे बिल्ल्यांनी भरलेले दोन्ही हात झटकून द्यावेसे वाटले. मी डब्याचं झाकण लावलं.

दादा तिला न्यायला गाडी घेऊन आला. वहिनी वर आईच्या पाया पडत होती, तेवढ्यात मी त्याला खाली पार्किंगमध्ये गाठलं.

"तू वीस मुठीत धरायचास?"

तो हसला. "अगं, तू हरलीस की जेवायची नाहीस. आई मला ओरडायची. मग काय करू यार?"

"मग आता हिच्यासाठी काय धरतोस?" मला विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

त्याने खरंच विचार केला. त्याला मला दुखवायचं असतं तर त्याने इतका विचार केला नसता. "हिच्यासाठी? काही नाही," तो म्हणाला. "तिला लागत नाही." आणि आईने दिलेला लाडवांचा डबा मागच्या सीटवर नीट टेकवून ठेवला.

नंतरच्या रविवारी मी खेळायला बसणार नव्हते. डोकं दुखतंय म्हणून सांगायचं ठरवलं होतं. पण दुपारी जेवणं झाली आणि मी लॅपटॉप उघडलाच. दादाने सांगितलं, पाणी थोडं ओसरलंय, आज नाही तर मग पावसाळाभर इथेच. आणि विचारलं, "पुढे कोण?"

वहिनी माझ्यासाठी थांबली होती. तिचा श्वास मला हेडफोनमध्ये ऐकू येत होता आणि तिचं ते थांबणंही मला सहन होत नव्हतं. त्या दुपारी आधी काय काय आकडे पडले होते ते मी आठवलं नाही. आठवून उपयोग नव्हता. कुणाच्या मुठीत काही नव्हतं.

"मी," मी म्हणाले.

सात आला. बेरीज करून शीटने दहा दाखवला. गुडगावात बसून दादा काय करू शकणार होता? तो म्हणाला, "दहा म्हणजे अर्धी नदी. वाटाडीने सगळ्यांना मधल्या खडकापर्यंत आणलंय. पुढे धार आहे. तिला पाय टेकवता येत नाहीये."

मी त्या साताकडे बघत राहिले. तंबोल्यात सात निघाला की कुणी ढुंकून बघत नाही. पण हा माझा होता. इतक्या वर्षांत माझ्या नावाने निघालेला, कुणी धरून न ठेवलेला आणि तरी सगळ्यांना पुढे नेणारा, मला वाटतं, हा पहिलाच.

मग वहिनी म्हणाली, "कासारीण पुढे होते." अठरा. दादा म्हणाला, "वा, क्या बात है," आणि ती मंडळी एकेक करून पलीकडे चढली. शिलेदार चढला, कासारीण चढली, शेवटी माझी वाटाडी. मामेभावाने पुण्याहून शिट्टी मारली. मीही टाळ्या वाजवल्या. पोटात दुखत होतं ते दुखतच होतं.

आई चहा घेऊन आली. तिला त्या गोष्टीतलं सगळं माहीत असायचं, करोल बागेपासून. "पोचलात का मग पलीकडे?" तिने विचारलं.

"पोचलो."

"तूच नेलंस ना सगळ्यांना?"

"अर्ध्यापर्यंत," मी म्हणाले.